बसऱ्याचं मिठागर आणि जासईचे नामाकाका

नेरूळच्या माझ्या घरापासून जासईतल्या माझ्या माहेरापर्यंत, रस्ता मोकळा असला तर पाऊण तासही लागत नाही. आम्हाला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांचं हे प्रवासवर्णन आहे. नवरा म्हणाला, "अगं, एवढ्याशा प्रवासाचं कुणी लिहितं का?" आमच्या सोसायटीतली माणसं चार दिवस दुबईला जातात आणि आल्यावर चार महिने मॉलचे फोटो दाखवतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. मी जे घेऊन आले ते कुठल्याही मॉलमध्ये मिळत नाही, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

सोबत होती हनान. ती मूळची इराकमधल्या बसऱ्याजवळच्या खाडीकाठची. ऐंशी साली इराणशी युद्ध सुरू झालं तेव्हा दहा वर्षांची होती. घर सुटलं ते सुटलंच, आता ती युरोपातल्या एका थंड शहरात राहते आणि अरबीत कादंबऱ्या लिहिते. तिची एक कादंबरी मी पाच वर्षं खपून मराठीत आणली आहे. थेट अरबीतून. हे "थेट" मी जरा जोरात म्हणते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. पुण्याचा प्रकाशक तयार होता, पण हनानच्या एजंटचं पत्र आलं की छोट्या भाषांमध्ये भाषांतर इंग्रजी आवृत्तीवरूनच करावं, म्हणजे चुका होत नाहीत. नऊ-दहा कोटींची भाषा यांना छोटी! मी हनानला सरळ पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं की मुंबईत एका परिसंवादाला येते आहे, तीन दिवस तुझ्याकडे राहीन, तुला बघेन आणि मग ठरवेन.

आता माझं अरबी कुठलं, ते सांगायला हवं. मी जासईच्या आगरी घरातली. बी.कॉम. झाल्यावर न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात लागले. आखाताकडच्या मालाचे कागद अरबीत यायचे आणि आमचा साहेब ते उलटे धरून बघायचा. शेजारच्या टेबलावर उरणची हमीदाआपा होती. तिनं मला डब्याच्या सुट्टीत अक्षरं शिकवली. पुढे चार वर्षं दर शनिवारी मुंबईला क्लास केला. मालाचे कागद वाचता यायला लागले, मग वर्तमानपत्र, मग एक दिवस कादंबरी. ती संपली तेव्हा ऑफिसात मी बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या मालपावतीवर, डोकं ठेवून रडत होते आणि साहेबाला वाटलं कंटेनर हरवला.

पहिला दिवस : नेरूळ

गेटवरच पहिला अडथळा. सेक्रेटरीसाहेबांनी पासपोर्टची झेरॉक्स मागितली, ते ठीक. पण मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, इराकची आहे म्हणे. काही टेन्शन नाही ना?" मी म्हटलं, "आहे ना. त्या कॉफी फार कडक पितात." बिचारे झेरॉक्स घेऊन केबिनकडे वळले.

हनान उंच, केस पांढरे आणि आखूड, आवाज गावाकडच्या बाईसारखा खणखणीत. मी माझ्या नीटनेटक्या अरबीत स्वागताची चार वाक्यं म्हटली. ती ऐकून ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "तू तर बातम्या देतेस!" माझं अरबी सगळं पुस्तकातलं, तिचं घरातलं. दुपारपर्यंत आम्ही मधे कुठेतरी भेटलो.

संध्याकाळी खाडीकडे फिरायला गेलो. ओहोटी होती, चिखलात रोहित पक्षी मान घालून उभे होते आणि त्यांच्यापेक्षा जास्त संख्येनं कॅमेरेवाले. हनाननं पक्ष्यांकडे एकदा पाहिलं आणि मग बराच वेळ चिखलाकडे. नाकानं खोल श्वास घेतला. "हा वास मी चार पुस्तकांत लिहिला," ती म्हणाली. "वाचणाऱ्यांपैकी किती जणांना तो आला असेल, देव जाणे." मला तर पहिल्याच पानावर आला होता. पण हे मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, सिद्ध करून दाखवू.

लोक मला विचारतात, अरबी कादंबरीत असतं काय? उंट असतात का? मी तीस-पस्तीस तरी वाचल्या असतील. उंट भेटले दोन, त्यातला एक भिंतीवरच्या चित्रातला. वाळवंटही फारसं नाही. भेटतात ते अंधारे जिने, धुणी वाळत घातलेल्या गच्च्या, वेलदोड्याच्या कॉफीचा वास आणि सकाळी पोलिसांनी नेलेला बाप, ज्याच्या चपला आई वर्षानुवर्षं दाराशी तशाच ठेवते. भेटतात नद्या. बसऱ्याकडच्या कादंबऱ्यांत खजुराची झाडं, ज्यांचे शेंडे तोफांनी उडवलेत आणि नुसती खोडं रांगेत उभी आहेत. एखादा माणूस कुठल्यातरी कचेरीत एका शिक्क्यासाठी बसतो तो अख्खी कादंबरी संपेपर्यंत उठत नाही, आणि त्याच्यावर मी फिदा आहे, कारण मी कस्टमच्या खिडक्यांसमोर आयुष्य काढलंय. आणि किल्ली. घर पडलं, गाव गेलं, देश बदलला तरी आजी घराची किल्ली गळ्यात घालून असते. समीक्षक त्याला प्रतीक म्हणतात. आमच्याकडे जमीन जाऊन तिथं कंटेनर यार्ड झाला तरी सातबाऱ्याचा जुना उतारा कपाटात साडीखाली जपून ठेवणाऱ्या बायका मला नावानिशी ठाऊक आहेत. त्यांना कुणी प्रतीक म्हटलेलं मी ऐकलं नाही.

हे मी हनानला सांगितलं. ती चालता चालता थांबली. "हे तू प्रस्तावनेत लिही," म्हणाली, आणि लगेच बोट वर केलं, "म्हणजे, पुस्तक तुला दिलं तर."

दुसरा दिवस : न्हावा शेवा

दुसऱ्या दिवशी माझं जुनं ऑफिस दाखवायला निघालो. हमीदाआपाकडे उरणला जेवण होतं, वाटेत बंदर. ट्रेलरच्या रांगेतून वाट काढायला रिक्षावाल्यानं "शॉर्टकट मारतो ताई" म्हणून जो कट मारला, तो आम्हाला थेट एका गोदामाच्या आवारात घेऊन गेली. वॉचमन शिट्टी वाजवत धावत आला. मी खाली उतरून माझ्या जुन्या ऑफिसचं नाव सांगितलं, दोन-तीन लोकांची नावं घेतली, तो जरा निवळला. तेवढ्यात मागे बघते तर हनान गायब.

ती गोण्यांच्या थप्पीसमोर उभी होती. बासमतीच्या गोण्या, वर हिरव्या शाईत अरबी अक्षरं, आणि खाली बंदराचं नाव. तिच्या गावापासून तासाभरावरचं बंदर. ती ते नाव मोठ्यानं वाचत होती, एकदा, दोनदा. शेजारी चहा पीत उभ्या ट्रेलरवाल्यानं मला विचारलं, "काय बोलतायत आंटी?"

"त्यांच्या गावाला जातोय हा माल."

"मग आंटीला पण बसवा ना कंटेनरमध्ये, फ्री में पोचतील," तो म्हणाला. मी भाषांतर करावं की नाही या विचारात पडले, पण केलं. हनान इतकी हसली की वॉचमनही हसला. मग तिनं त्या गोणीवर हात फिरवला आणि मला म्हणाली, "मी पंचेचाळीस वर्षांत गेले नाही. तांदूळ जातो."

हमीदाआपाचं घर म्हणजे खाणं. तांदळाच्या भाकऱ्या, सुरमई, आणि सोड्यांचा भात. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, वासानं अर्धी गल्ली सांगते की आज काय शिजतंय. माझ्या नेरूळच्या शेजारणी या वासाला खिडक्या लावून घेतात. हनाननं ताटात हात घातला आणि थांबली. बसऱ्यालाही वाळवलेल्या कोळंबीचा भात करतात, फक्त ते वर वाळवलेलं काळं लिंबू घालतात. हमीदाआपानं लगेच चिंचेचा कोळ पुढे केला. आपाला अरबी अक्षरं वाचता येतात, बोललेलं कळत नाही, तरी दोघी पाऊण तास मसाल्यांवर बोलत होत्या आणि मला कुणी काही विचारत नव्हतं.

तिथंच हनाननं तिची अट सांगितली.

"मला मराठी येत नाही," ती म्हणाली. "तुझं भाषांतर चांगलं की वाईट, मला कसं कळणार? म्हणून असं करू. ज्यानं आयुष्यात कादंबरी वाचली नाही, अशा माणसाला शेवटचं प्रकरण वाचून दाखव. मी त्याचं तोंड बघेन. मग सांगेन."

शेवटचं प्रकरण म्हणजे अख्ख्या पुस्तकाचा प्राण. त्यात कुटुंब गाव सोडून निघतं त्या सकाळी बाप मिठागराचा दरवाजा, म्हणजे बांधातली पाणी अडवणारी फळी, उघडतो आणि तयार मिठावर समुद्र सोडतो. आई किंचाळते, मुलगी बांधावरून बघते. ती मुलगी म्हणजे हनान स्वतः. बाप पुढे कधी त्याबद्दल बोलला नाही आणि परक्या मुलखात वारला. जगभरच्या समीक्षकांनी या प्रसंगावर लिहिलंय. क्रोध, असहायता, स्वतःच्या घामावर सूड. मी स्वतःही टिपणीत "संतापाचं शिखर" असे शब्द वापरले होते.

मी ती अट हमीदाआपाला सांगितली. ती म्हणाली, "अगं, तुझा नामाकाका आहे की. त्याला कादंबरी म्हणजे काय तेच माहीत नाही."

तिसरा दिवस : जासई

नामाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना कमी दिसतं, कान मात्र शाबूत. बंदर यायच्या आधी मिठागरात राबलेली जी पिढी होती, तिच्यातले आमच्या आळीत उरलेले तेवढेच. मुलानं चार मजली इमारत बांधली आहे, खाली दुकानं, वर भाडेकरू. काका लिफ्ट वापरत नाहीत. लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "कंदी आलास?" विचारतात.

हनानला बघून त्यांनी पागोटं नसताना डोक्याला हात लावला. काकीनं तिची ओटी भरली. हनान नारळ, तांदूळ आणि ब्लाऊजपीस पदर नसलेल्या शर्टाच्या ओच्यात कसं घ्यायचं या पेचात पडली, शेवटी काकीनं आपलाच पदर फाडायची तयारी दाखवली तेव्हा मी पिशवी दिली. हनानच्या मुलखात पहिल्या भेटीत समोरच्याला अत्तर लावतात. मग तिनं पर्समधून बाटली काढली आणि काकांच्या मनगटावर अत्तर लावलं. काका दिवसभर मनगट हुंगत होते.

जेवणं झाली. मी चष्मा लावला, कागद काढले. काकीही पदराला हात पुसत बसली. हनान बरोब्बर काकांसमोर बसली, गुडघ्यावर हात, परीक्षक बसतो तशी.

मी वाचायला लागले. खजुराची झाडं आली, काकांचा चेहरा दगड. युद्धाचे आवाज आले, दगड. आई पितळेची भांडी बांधते, तिथं काकीनं डोळे पुसले, पण परीक्षा काकीची नव्हती. मग बाप संतापून बांधावर गेला. दरवाज्याची फळी उचलली. पाणी आत आलं, पांढऱ्या मिठावर पसरलं. पाणी गुडघ्याला लागेपर्यंत तो काठी रोवून उभा राहिला, मग फळी परत बसवली आणि मागे न बघता निघाला. हे पान मी अकरा वेळा लिहिलं होतं.

काका म्हणाले, "खोटा हाय."

मी कागद खाली ठेवले. हनाननं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, थांब. मनात म्हटलं, संपलं सगळं. पाच वर्षं गेली.

"काका, काय खोटं? मी जे लिहिलंय ते?"

"तू लिवलास ता नाय गो. पानी बराबर हाय, फली बराबर हाय. पन तू मगाशी वाचलास ना, 'संतापून'. ता खोटा हाय. ह्यो मानूस रागात नाय."

मी हनानकडे बघून शब्द न शब्द अरबीत सांगितला. तिचा चेहरा ताठ झाला. ती म्हणाली, "त्यांना सांग, तो माझा बाप होता. मी तिथं होते."

मी सांगितलं. काका मुळीच वरमले नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढली आणि उलटतपासणी सुरू केली.

"हिला इचार, पानी कवरा घेतला?"

"गुडघ्याएवढं."

"मोजून?"

"काठी रोवली होती."

"आनि फली परत लावली?"

"लावली."

"मंग!" काकांनी मांडीवर थाप मारली. "रागात मानूस फली परत लावतंय का? रागात मानूस फावरा घेतं न् बांध फोरतं. कायमचा. यानी पानी मोजून घेतला न् दार बंद केला. अगो बाय, मिठागर सोरून लांब जावाचा आसल तं पानी भरूनच जावाला लागतं! तल सुका रायला तं उन्हाला भेगा परतात. मीठ गेला तं पंदरा दिसात परत पिकतं. तल फाटला तं पायानं तुरवून तुरवून तीन वर्सा जातात. आमी पन तसाच करायचो. तिचे बापानी राग नाय केला. तल राखून ठेवला."

मी हळूहळू, एकेक वाक्य, अरबीत केलं. माझं बातम्यांचं अरबी त्या क्षणी कुठे गेलं कुणास ठाऊक. मिठागराचे शब्द मला तिच्याच पुस्तकानं शिकवले होते, तेच तिला परत देत होते. तळ, म्हणजे मीठ धरणारी तुडवून घट्ट केलेली जमीन. भेगा. राखणं.

हनाननं मला दोनदा विचारलं, "राखून ठेवला? कुणासाठी?"

"परत येणाऱ्यांसाठी," मी म्हटलं.

ती उठली आणि गॅलरीत गेली. खाली कंटेनर यार्डात क्रेन फिरत होती. ती रडत होती हे पाठीवरून कळत होतं. काकी तिच्या मागे जाऊन नुसती उभी राहिली. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर छाती फुगलीही. जगातल्या इतक्या विद्वानांनी जे पान वाचलं, त्याचा अर्थ आमच्या जासईत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, सही करायलाही न शिकलेल्या माणसानं एका बैठकीत सांगितला. आणि तो मराठीत ऐकून सांगितला. इंग्रजी आवृत्तीत फळी परत लावायचं वाक्यच नाही. मी तपासलं होतं, संपादकानं पाल्हाळ म्हणून काढलं होतं.

ती परत आली तेव्हा डोळे लाल होते, आवाज मात्र खणखणीत. काकांच्या समोर जमिनीवर बसली. "त्यांना विचार," ती म्हणाली, "माझ्या बापाला ठाऊक होतं की कुणी परत येणार नाही. त्या सकाळी निघताना तो म्हणाला होता, इथं मीठ पिकवणारा मी शेवटचा. मग पाणी कशाला भरलं?"

मी विचारलं. काका थोडा वेळ मनगट हुंगत राहिले. मग म्हणाले, "आपला कोन येल का नाय, ता आपन कशाला बघावा? कोन तं येल. त्याला तल तयार भेटाला पायजे."

मी भाषांतर केलं. हनाननं माझ्या समोरचे कागद ओढून घेतले, शेवटच्या पानावर रेघ मारली, अक्षर न अक्षर अनोळखी असलेल्या मराठी पानावर, आणि त्याखाली अरबीत लिहायला लागली. अर्धा तास लिहीत होती. काकीनं चहा ठेवला, तो गार झाला. लिहून झाल्यावर तिनं कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "हा नवा शेवट. आधी मराठीत येईल. अरबीत पुढच्या आवृत्तीत. एजंटला मी सांगते काय सांगायचं ते."

"म्हणजे पुस्तक मला दिलं?"

"तुला नाही," ती म्हणाली. "त्यांना. तू लिहून घे."

मी तिथंच बसून नवं पान मराठीत केलं आणि काकांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवत सगळं ऐकलं. शेवटचं वाक्य आलं, 'कुणीतरी येईल, त्याला तळ तयार मिळाला पाहिजे', तेव्हा मात्र दचकले. "ता तं मी बोललो," म्हणाले.

हनाननं ते जसंच्या तसं घेतलं होतं, बापाच्या तोंडी. बसऱ्याच्या त्या कादंबरीचं शेवटचं वाक्य आता नामा ठाकूर, जासई, यांचं आहे, अरबीतसुद्धा.